ऑर्गनच्या भात्यावर उडणारे विमान

विमान हवेत सरळ ठेवता येणे ही एक गोष्ट आणि ते विमान या क्षणी नकाशावर कोठे आहे हे सांगता येणे ही दुसरी. पहिली गोष्ट हातापायांनी शिकायची असते. दुसरी सगळी डोक्यात घडते आणि तिच्या सरावासाठी विमान जमिनीवरून उचलण्याची गरज नसते. उलट, हवेत तो सराव फारच गैरसोयीचा होतो. कारण विचार करायला विमान थांबत नाही, आणि विचार संपेपर्यंत ते दोन-चार मैल पुढे गेलेले असते.

आज वैमानिक होऊ पाहणारा विद्यार्थी बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर हा सराव करू शकतो. अशा ॲपमध्ये पडद्यावर एक चिमुकले विमान दिसते, एक रेडिओकेंद्र दिसते आणि शेजारी एकदोन तबकड्या. बोटाने विमान सरकवले की तबकडीवरच्या सुया हलतात. कधी विमान लपवले जाते आणि सुया पाहून ते कोठे आहे हे ओळखायचे असते. पाहणाऱ्याला हा खेळ वाटेल. पण त्याची वंशावळ शोधत गेलो तर आपण नव्वदहून अधिक वर्षे मागे, अमेरिकेतील एका पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात जाऊन पोचतो.

त्याआधी मूळ अडचण काय होती ते पाहू. सुरुवातीचे वैमानिक खाली बघत उडत. नदी, लोहमार्ग, गावातले देऊळ किंवा चर्च या त्यांच्या खुणा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि उघडे डोळे यांवर भागत होते. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलाने निकामी होई, म्हणून त्या काळात ही सेवा पुण्याहून चालवली जाई. अमेरिकेत टपालाची विमाने रात्रीही उडवायची होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट या वैमानिकाने रात्रीच्या अंधारात शिकागोपर्यंत टपाल नेले, तेव्हा वाटेवरच्या लोकांनी त्याच्यासाठी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. पुढे शेकोट्यांच्या जागी विजेचे फिरते दिवे आले. पण धुक्यात आणि ढगात शेकोटी काय नि दिवा काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

ढगात तर आणखी एक संकट असते. आपला तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना वेगातला बदल कळतो, एकसारखा वेग कळत नाही. फिरत्या खुर्चीवर एखाद्या विद्यार्थ्याला डोळे बांधून बसवा आणि खुर्ची सावकाश, एकाच गतीने फिरवत राहा. वीसेक सेकंदांनी तो सांगेल की खुर्ची थांबली. मग खरोखर थांबवली की म्हणेल, आता उलटी फिरते आहे. ढगात शिरलेल्या वैमानिकाचे हेच होते आणि तिथे त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून शरीराचे म्हणणे बाजूला सारून उपकरणांचे म्हणणे ऐकायला शिकणे आले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी न्यू यॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर बैठकीवर झाकण ओढून, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, वळवले आणि परत उतरवले. जायरोस्कोपवर चालणारे कृत्रिम क्षितिज, अचूक उंचीमापक आणि जमिनीवरून येणारा रेडिओसंकेत या तिघांच्या भरवशावर. सोबतीला, वेळ पडल्यास विमान हाती घ्यायला, बेन केल्सी हे दुसरे वैमानिक होते. पण त्यांना तशी वेळ आली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत हवाई मार्गांवर रेडिओची केंद्रे उभी राहू लागली. त्यांची युक्ती इतकी सुरेख होती की ती जरा सविस्तर सांगायला हवी. केंद्रातून चार दिशांच्या चार पाकळ्यांमध्ये संदेश जात. समोरासमोरच्या दोन पाकळ्यांत मोर्स लिपीतले ए हे अक्षर, म्हणजे डिट्-डा. उरलेल्या दोन पाकळ्यांत एन, म्हणजे डा-डिट्. दोन्ही अक्षरे अशी गुंफलेली असत की एकाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा आवाज नेमका बसावा. जिथे दोन पाकळ्या सारख्याच जोराने ऐकू येत, तिथे ही अक्षरे एकमेकांत मिसळून अखंड सूर तयार होई. तो सूर म्हणजे रस्ता! सुमारे तीन अंश रुंदीचे असे चार रस्ते प्रत्येक केंद्रातून निघत. सुरात डिट्-डा उमटू लागले की आपण रस्त्याच्या एका बाजूला सरकलो, डा-डिट् उमटले की दुसऱ्या. केंद्राच्या अगदी डोक्यावर आले की क्षणभर सारे शांत होई.

आता प्रश्न असा. वैमानिक वाट चुकला आहे आणि त्याच्या कानावर डिट्-डा येते आहे. ए अक्षराच्या पाकळ्या दोन. तो त्यांपैकी कोणत्या पाकळीत आहे? रेडिओ हे सांगत नाही. त्यासाठी विमान एका ठरावीक दिशेला वळवायचे आणि आवाज वाढतो की क्षीण होतो ते काही मिनिटे कान देऊन ऐकायचे. वाढला तर केंद्र पुढे आहे, क्षीण झाला तर मागे. मग हिशेब करून वळायचे, रस्ता शोधायचा, तो ओलांडला की पुन्हा वळायचे. हे सारे ढगात, इंजिनाच्या घरघरीत आणि विजांच्या खरखरीत. कमी वारंवारतेच्या त्या लहरींना विजांचा उपद्रव फार होई, म्हणजे हवा जितकी वाईट तितका संकेत ऐकायला अवघड. भूमितीचा हा प्रश्न कागदावर सातवी-आठवीच्या मुलालाही सुटेल. पण विमान एका हाताने सांभाळत तो मनात सोडवायचा म्हणजे सराव हवा, आणि सराव करताना चुकायला भरपूर जागा हवी.

इथे एडविन लिंक आले. जन्म १९०४ चा. वडिलांचा बिंगहॅम्टन या गावी पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपली बाजाची पेटी भात्यावर चालते तसे ते ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानोही हवेच्या दाबावर आणि भात्यांवर चालत. लिंक यांना उडण्याचा नाद होता आणि विमानात शिकण्याचा खर्च त्यांना खुपत होता. त्यांनी कारखान्याच्या तळघरात लाकडाची एक आखूड विमानाकृती पेटी बनवली आणि ती चार भात्यांवर बसवली. आतली दांडी पुढे-मागे किंवा बाजूला केली की झडपा उघडमीट होत, एका बाजूचा भाता फुगे, दुसऱ्या बाजूचा बसे आणि पेटी खऱ्या विमानासारखी कलत असे. गोल फिरण्यासाठीही भात्यांवर चालणारी, निर्वात पोकळीच्या जोरावर फिरणारी मोटर होती. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. या यंत्राला प्रथम गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या करमणुकीच्या मैदानांवर. नाणे टाका आणि ‘उडा’. उडण्याच्या शाळांनी मात्र त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष दिले गेले ते माणसे मेल्यावर. फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची टपालाची कंत्राटे रद्द केली आणि काम लष्कराच्या वैमानिकांकडे दिले. हे वैमानिक धाडसी होते, पण त्यांच्यापैकी बहुतेकांना उपकरणांवर, रात्री आणि ढगात उडण्याचा सराव नव्हता. त्या वर्षीचा हिवाळाही कडक निघाला. थोड्याच आठवड्यांत डझनभर वैमानिक मृत्युमुखी पडले. त्याच दिवसांत लष्करी अधिकाऱ्यांचा एक गट नेवार्कच्या विमानतळावर लिंक यांची वाट पाहत होता. धुके इतके होते की ते येणार नाहीत असेच सर्वांनी गृहीत धरले. तेवढ्यात धुक्यातून विमानाचा आवाज आला आणि लिंक उपकरणांच्या आधारे सुखरूप उतरले. यानंतर आणखी काही पटवून सांगण्याची गरज राहिली नाही. लष्कराने प्रत्येकी ३५०० डॉलर देऊन सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी १०,००० हून अधिक यंत्रे तयार झाली आणि पाच लाखांवर उड्डाणकर्मी त्यांवर शिकले.

आमच्या मते या यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग भाते हा नव्हता. तो होता शिक्षकाच्या टेबलावर. विद्यार्थी झाकण लावलेल्या पेटीत बसे, कानाला हेडफोन. शिक्षक बाहेर टेबलाशी बसून त्याला डिट्-डा, डा-डिट् ऐकवी, आवाज हळूहळू कमीजास्त करी आणि तोंडी सूचना देई. टेबलावर नकाशा पसरलेला असे आणि त्यावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र सरपटत असे. त्याला ‘खेकडा’ म्हणत. पेटीतला विद्यार्थी जसा ‘उडे’ तसा खेकडा चाले आणि शाईने त्याची वाट कागदावर उमटवी. तासाभराने विद्यार्थी घामाघूम होऊन बाहेर आला की त्याने कोठे उलटे वळण घेतले, केंद्र ओलांडल्यावरही किती वेळ सरळ जात राहिला, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर दिसे. गणिताच्या वहीत नुसते उत्तर तपासणे आणि पायऱ्या तपासणे यांत जो फरक आहे तोच इथे होता. खऱ्या विमानात चुकलेली वाट हवेत विरून जाते.

महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, कानाने ऐकण्याच्या केंद्रांची जागा व्हीओआर या नव्या केंद्रांनी घ्यायला सुरुवात केली. ही १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याला लागूनच. या वारंवारतेला विजांची खरखर जवळजवळ लागत नाही. मात्र या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराआड किंवा क्षितिजाखाली ऐकू येत नाहीत. केंद्राचे तत्त्व शाळेच्या मैदानावर संध्याकाळी करून दाखवता येईल. मधोमध एकाने टॉर्च घेऊन उभे राहायचे आणि ३६ सेकंदांत एक फेरी होईल अशा बेताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एकसारखे फिरायचे. झोत उत्तरेवरून जाताना दुसऱ्याने जोरात टाळी वाजवायची. भोवताली उभ्या असलेल्या प्रत्येकाने टाळीपासून आपल्या तोंडावर झोत येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि दहाने गुणायचे. नऊ सेकंद आले तर ९० अंश, म्हणजे तो केंद्राच्या बरोबर पूर्वेला उभा आहे. खऱ्या केंद्रात हा ‘झोत’ सेकंदाला ३० वेळा फिरतो, आणि ‘टाळी’ ही ३० हर्ट्झचीच दुसरी लहर असते, जी सर्व दिशांना एकाच वेळी पोचते. विमानातले यंत्र या दोन लहरींमधले कलांतर मोजते. कलांतर जितक्या अंशांचे, तितक्या अंशांच्या रेषेवर विमान.

या प्रयोगात एक गोष्ट जरूर करून पाहावी. पूर्वेला उभ्या असलेल्या मुलाला जागेवरच गिरकी घ्यायला सांगा. त्याचे तोंड कोणत्याही दिशेला असो, झोत नवव्या सेकंदालाच येतो. व्हीओआरची सुई विमान कोठे आहे ते सांगते, त्याचे नाक कोणीकडे आहे याची तिला वार्ताही नसते. नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. वैमानिक तबकडीवर एक दिशा लावतो, समजा ०९०. सुई मध्यभागी आली आणि खिडकीत ‘पासून’ अशा अर्थाची खूण असली, तर तो केंद्राच्या पूर्वेला आहे. ‘कडे’ अशी खूण असली तर पश्चिमेला. आता तो पूर्वेकडून केंद्राकडे, म्हणजे २७० च्या दिशेने निघाला आहे, पण तबकडीवर ०९० तसेच राहिले. वाऱ्याने विमान रेषेच्या उत्तरेला सरकले. सुई उजवीकडे झुकते, कारण पूर्वेकडे तोंड असलेल्याला रेषा उजवीकडेच असती. हा मात्र पश्चिमेकडे चालला आहे. सुईच्या मागे उजवीकडे वळला की तो रेषेपासून आणखी दूर जातो, आणि सुई आणखी झुकते. सुई चूक नसते; तिला विचारलेला प्रश्न चूक असतो.

याच्या उलट स्वभावाचे दुसरे जुने उपकरण म्हणजे एडीएफ. त्याची सुई सरळ केंद्राकडे बोट दाखवते, पण ते विमानाच्या नाकापासून मोजून. नाक ०४० कडे आणि सुई नाकापासून उजवीकडे ८० अंशांवर, म्हणजे केंद्र १२० च्या दिशेला आणि आपण केंद्रापासून ३०० च्या रेषेवर. नाक फिरले की सुई फिरते. या उपकरणामागचे तत्त्व जुन्या ट्रान्झिस्टरवर दिसते. मध्यम लहरींवर एखादे आकाशवाणी केंद्र लागत असेल तर ट्रान्झिस्टर हातावर आडवा धरून सावकाश फिरवा. आतल्या फेराइट कांडीचे टोक केंद्राच्या रोखाने आले की आवाज एकदम पडतो. मात्र केंद्र कांडीच्या कोणत्या टोकाला आहे ते नुसते एवढ्यावरून कळत नाही. जुनाच प्रश्न! एडीएफमध्ये तो सोडवायला आणखी एक अँटेना जोडावी लागते.

या दोन तबकड्यांचा स्वभाव ओळखणे हेच मोबाइलवरच्या सरावाचे खरे काम. बोटाने विमानाचे नाक फिरवा, एक सुई फिरते, दुसरी हलत नाही. विमान केंद्राभोवती सरकवा, आता दोन्ही हलतात. पुस्तकात दोन पाने वाचून जे डोक्यात ठरत नाही ते पाच मिनिटांत ठरते. शिवाय इथे घड्याळ थांबवता येते आणि खेकड्याची शाईची रेघ पडद्यावर आपोआप उमटते.

पण जमिनीवरचा एक तास हवेतल्या किती तासांच्या बरोबरीचा? हा प्रश्न इलिनॉय विद्यापीठात स्टॅन्ले रॉस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापाने सोडवला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात, फक्त विमानात शिकलेल्या विद्यार्थ्यांना खासगी वैमानिकाची परीक्षा उत्तीर्ण व्हायला सरासरी सुमारे ४५ तास लागले. आधी ३ तास ट्रेनरवर घालवलेल्यांना सुमारे ४० तास, ७ तास घालवलेल्यांना साडेअडतीसच्या आसपास, आणि ११ तास घालवलेल्यांना अडतीसला किंचित कमी. म्हणजे पहिल्या ३ तासांनी हवेतले ५ तास वाचवले, पुढच्या ४ तासांनी पावणेदोन, त्यापुढच्या ४ तासांनी पुरता एकही नाही. ही वक्ररेषा कोणत्याही सरावाच्या आलेखावर ठेवून पाहण्याजोगी आहे. रॉस्को यांचा पुढचा मुद्दाही ध्यानात घ्यावा: जमिनीवरचा तास स्वस्त असेल तर थोडी बचतही परवडते. मोबाइलवरच्या तासाला जवळजवळ काहीच पडत नाही. फक्त हे आकडे सर्वसाधारण उड्डाणाचे आहेत, निव्वळ दिशादर्शनाचे नव्हेत, एवढे भान ठेवावे.

ट्रेनर घरात आणण्याचे श्रेयही त्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याकडे जाते. ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी संगणकाच्या पडद्यावर उडणाऱ्या विमानाचे गणित मांडले. १९८२ मध्ये त्यातूनच मायक्रोसॉफ्टचे फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आले आणि त्यात व्हीओआरचा रेडिओही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने, ठरावीक निकषांच्या संगणकीय ट्रेनरवर शिक्षकासमोर केलेले १० तास उपकरण-उड्डाणाच्या शिक्षणात धरायला परवानगी दिली. मोबाइलवरच्या साध्या ॲपचे तास असे कोठे धरले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यात खुर्ची कलत नाही, मधेच नियंत्रकाचा आवाज येत नाही, पोटात गोळा येत नाही.

उपग्रहांच्या या जमान्यात हे सगळे कशाला, असे विद्यार्थी विचारतीलच. ३ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझीलमधील माराबाहून बेलेंला निघालेल्या वारिग कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाची हकीकत त्यांना सांगावी. उड्डाणाच्या कागदावर दिशा ०२७० अशी चार आकडी छापली होती; शेवटचा आकडा दशांशाचा, म्हणजे दिशा २७ अंश. कॅप्टनने २७० लावली. सहवैमानिकाने कॅप्टनची तबकडी पाहून तीच लावली. बेलें उत्तरेकडे, विमान निघाले पश्चिमेकडे, आणि संध्याकाळची वेळ असल्याने मावळता सूर्य समोर होता. पाऊण तासाचा प्रवास तीन तासांवर गेला, इंधन संपले आणि रात्रीच्या अंधारात विमान ॲमेझॉनच्या जंगलात उतरवावे लागले. आतल्या ५४ जणांपैकी चाळीसहून अधिक वाचले, हेच नवल. विमानात रेडिओ होता, सुया होत्या. सुई अमुक दाखवते तर आपण कोठे असायला हवे, आणि तसे आहोत का, हा प्रश्न मात्र वेळेवर विचारला गेला नाही.

उपग्रहांचा संकेत तर फारच क्षीण असतो आणि तो जमिनीवरून बुजवता येतो. २०२३ च्या उत्तरार्धापासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांना खोटे संकेत मिळून ती आहेत त्यापेक्षा भलत्याच ठिकाणी असल्याचे उपकरणांवर दिसण्याचे प्रकार वाढले. अमेरिका आपली जुनी व्हीओआर केंद्रे कमी करत आहे, पण सगळी नव्हे. उपग्रह गप्प झाले तर विमाने उतरवता यावीत म्हणून सुमारे ६०० केंद्रे ठेवायची असे ठरले आहे.

या केंद्रांत मोर्स लिपी अजून जिवंत आहे. केंद्र लावले की सुईकडे पाहण्याआधी त्याची अक्षरे ऐकायची, कारण त्याच वारंवारतेवर दूरचे भलतेच केंद्र लागलेले असू शकते. मुंबई विमानतळाचे व्हीओआर केंद्र बी हे अक्षर तीनदा पाठवते. बरीच ॲपही केंद्र निवडले की त्याची अक्षरे वाजवून दाखवतात: डा-डिट्-डिट्-डिट्, डा-डिट्-डिट्-डिट्, डा-डिट्-डिट्-डिट्.